रणदिवे साहेबांच्या जागी आलेली बाई

सोमवारी इन्स्पेक्टर रणदिवे यांना धरणाच्या भिंतीवर गोळी लागली आणि ते पाण्यात पडले. मंगळवारी त्यांच्या खुर्चीवर इन्स्पेक्टर उल्का सरनाईक येऊन बसल्या. बुधवारी बोरीचे पाहुणे माझ्या बहिणीला पाहायला ताडकळसला आले आणि चहाला हात न लावता परत गेले.

यातले रणदिवे आणि सरनाईक टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेतले आहेत. बाकी सगळे खरे आहेत. (एवढा खुलासा बोरीच्या पाहुण्यांना वेळेवर मिळाला असता, तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं!)

आमच्या गल्लीत त्या मालिकेला तिच्या नावाने कोणी ओळखत नाही. "रणदिवे लागला का?" असंच विचारतात. सगळ्यात मोठा टीव्ही आमच्या ओसरीत असल्याने संध्याकाळी शेजारपाजार तिथेच जमतो. माझे वडील, अण्णा, मध्यभागी खुर्ची टाकून बसतात. रणदिवे अंधाऱ्या गोदामात शिरले की अण्णा सांगतात, "साहेब, दाराच्या मागं बगा." रणदिवे दाराच्या मागे बघतात. मग अण्णा आमच्याकडे बघतात. या पद्धतीने अण्णांनी अनेक गुन्हे उघडकीला आणले होते.

मी परभणीला एका दैनिकात उपसंपादक आहे. बहिणीच्या, वैशालीच्या, पाहण्याच्या कार्यक्रमासाठी रजा काढून घरी आलो होतो. वैशाली पूर्णेला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आधीची दोन स्थळं तिने स्वतःच नाकारली होती. हा मुलगा, ज्ञानेश्वर, बोरीत कृषी सेवा केंद्र चालवतो. दोघांचं फोनवर बोलणं झालेलं होतं. मी आल्या आल्या तिने मला माजघरात गाठलं.

"दादा, येक सांगते. मला हे स्थळ पाहिजे. ह्या टायमाला घरात काई गडबड होऊ देऊ नको. अण्णाचा जिम्मा तुझ्याकडं."

मी जिम्मा घेतला.

सोमवारी रणदिव्यांना गोळी लागली तेव्हा मी ओसरीतच होतो. अण्णांनी टीव्ही बंद केला. शेजारचे गणपतमामा उठले, त्यांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. (मामा आदल्याच दिवशी तिरुपतीहून आले होते, त्यामुळे टोपीखाली डोक्यावर एकही केस नव्हता. ही नोंद पुढे लागणार आहे.)

मंगळवारी नव्या बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी रणदिव्यांची खुर्ची खिडकीकडून दाराकडे फिरवली आणि त्यांचा चहाचा कप एका हवालदाराला देऊन टाकला.

"कप दिला!" गणपतमामा ओरडले.

"मानूस जाऊन येक दिस न्हाई झाला," अण्णा म्हणाले. "दहावा तरी होऊ द्यायचा."

"पोलीस खातं हाय ते," आई आतून म्हणाली. "खुर्ची काय वर्षभर रिकामी ठिवत्येत का?"

"तुमी भाकरी बगा."

"पन बाई हुशार दिसायलीय," वैशाली म्हणाली.

"कोन?"

"कोनी न्हाई."

अण्णांनी बहिष्कार जाहीर केला. टीव्ही बंद ठेवणं शक्य नव्हतं, कारण तो सगळ्या गल्लीचा होता. म्हणून त्यांनी आपली खुर्ची उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. गणपतमामांना बहिष्कार अपुरा वाटला. साहेबांचा फलक लागला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं पडलं. गावात कोणाचंही बरंवाईट झालं की स्टँडजवळच्या दुकानातून फ्लेक्स छापून येतो. रणदिव्यांनी काय घोडं मारलं होतं?

"गोविंदा, मजकूर तू लिही," अण्णा मला म्हणाले. "तू पेपरात हाईस."

इथे मी नाही म्हणू शकलो असतो. पण आमच्या डेस्कवर शोकवार्ता मीच लिहितो आणि त्या चांगल्या लिहितो, असा माझा समज आहे. मी लिहिलं: "भावपूर्ण श्रद्धांजली. कर्तव्यदक्ष अधिकारी इन्स्पेक्टर रणदिवे साहेब यांचे कर्तव्य बजावताना दुःखद निधन झाले." खाली मोठ्या अक्षरांत: "शोकाकुल: समस्त ढगे परिवार, ताडकळस." दुकानदाराने श्रद्धांजलीत द दोनदा घातला होता, तो मी उभं राहून दुरुस्त करून घेतला. सगळ्यात शेवटी "शब्दांकन: गोविंद ढगे" अशी ओळही टाकायला लावली. फोटो गणपतमामांनी टीव्हीच्या पडद्यावरून मोबाइलमध्ये काढला होता. फलक आमच्या फाटकाशेजारच्या बुटक्या भिंतीवर, अर्धाअधिक भिंतीच्या वर निघेल असा, बांधला गेला. माझ्या आयुष्यातली ही एकमेव शोकवार्ता, जिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

बुधवारी सकाळी वारं सुटलं. फलकाच्या वरच्या दोऱ्या तुटल्या आणि साहेबांचा फोटो, नाव, हुद्दा असा सगळा वरचा भाग भिंतीच्या आत लोंबकळला. रस्त्याच्या बाजूला फक्त खालच्या दोन ओळी राहिल्या. शोकाकुल ढगे परिवार आणि मी.

पाहुण्यांची जीप थांबली ती फाटकासमोर. त्यात मुलाचे वडील माणिकराव, आई सुमनबाई, ज्ञानेश्वर आणि एक चुलते होते. मध्यस्थ बालाजीकाका, म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, चुडाव्याहून रेल्वेने निघाले होते. त्यांची गाडी वाटेत कुठल्या तरी सिग्नलला उभी होती. त्यामुळे ओळख करून द्यायला कोणी नव्हतं. पाहुण्यांनी भिंत वाचली. आपसात काही बोलले. मग चपला काढून, हात जोडून, एकापाठोपाठ एक आत आले.

आत सतरंजीवर अण्णा बसले होते. सोमवारपासून दाढी केलेली नव्हती. शेजारी गणपतमामा होते. पाहुणे आले म्हणून त्यांनी आदराने टोपी काढली.

आमच्या भागात दुःखाच्या घरी गेलं की चहा घेत नाहीत, उठताना 'येतो' म्हणत नाहीत, आणि सोयरिकीचा विषय तर तोंडातून काढतच नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं.

माणिकराव अण्णांजवळ बसले. त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला.

"कसं झालं?"

अण्णांना गहिवरून आलं. रणदिव्यांबद्दल इतक्या मायेने दोन दिवसांत घरच्या माणसांनीही विचारलं नव्हतं.

"गोळी लागली."

माणिकराव जरा मागे सरकले. "गोळी? कोनं मारली?"

"त्येच तर कळंना. तपास चालू हाय."

"आन् मयत?"

"पान्यात गेले. धरनात."

"आरं देवा. मागं कोन हाय?"

"मागं कोन आसनार? लग्नच केलं न्हाई. सगळी जिंदगी नोकरीत घातली." अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले. "आन् दुसऱ्याच दिशी त्यांच्या जागी बाई आनून बसवली!"

सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला.

हे संभाषण मी हाताच्या अंतरावर बसून ऐकलं. त्यात एकही विधान चुकीचं नव्हतं. माणिकरावांचा सोमवारचा भाग बुडालेला दिसतो, एवढीच माझी नोंद झाली.

आईने पोहे आणले. पाहुण्यांनी दुरूनच हात जोडले. वैशाली चहाचा ट्रे घेऊन आली. ती नवी साडी नेसली होती. चौघांनीही माना खाली घातल्या. ज्ञानेश्वरने एकदा वर पाहिलं, पण चुलत्यांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि त्याने पुन्हा खाली पाहिलं. ट्रे जसा आला तसा आत गेला. मग माणिकराव उठले, अण्णांच्या खांद्यावर थोपटलं, आणि सगळे काही न बोलता निघून गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"झालं?" आई म्हणाली.

"बेइज्जती!" अण्णा म्हणाले. "घोटभर पानी न्हाई, पोरीकडं मान वर करून बगनं न्हाई, आन् जाताना 'येतो' म्हनायला काय पैसे पडत्येत का?"

वैशाली माजघराच्या दारात उभी होती. हातात अजून ट्रे होता.

"दादा, तू शेजारी बसला हुतास ना?"

"होतो."

"मग काय करायलतास?"

मी तिच्या हातातला ट्रे घ्यायला पुढे झालो. आतून दार लागलं.

तेवढ्यात फाटकाजवळ कोणीतरी मोठ्याने हंबरडा फोडला. बालाजीकाका पोचले होते आणि त्यांनी भिंत वाचली होती. "आरं कोन गेलं रे? अण्णा हाय का माजा?" असं ओरडत ते आत आले. अण्णा दिसले, तसे त्यांच्या गळ्यात पडले. मग वहिनींचं विचारलं. आई उभी होती. वैशालीला हाक मारली. तिने आतून ओ दिली. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "हा बी हाय. मग सगळेच हाईत की!"

सगळे बाहेर गेलो. भिंतीच्या आतल्या बाजूला रणदिवे साहेब उलटे लोंबकळत होते. बाहेरच्या बाजूला जे राहिलं होतं, ते आम्ही रस्त्यात उभं राहून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

बालाजीकाकांनी माणिकरावांना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"माणिकराव, आवो घरात कोनी गेलं न्हाई."

"म्हंजे? बोर्ड लावलाय की भिताडावर!"

"तो टीव्हीतला हाय. रणदिवे."

फोनवर जीप थांबल्याचा आवाज आला. मग माणिकराव बोलले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता.

"रणदिवे साहेब गेले?"

बोरीला त्यांच्या गल्लीची विजेची डीपी रविवारीच जळाली होती. घरात लाईट नव्हती आणि सोमवारचा भाग कोणी पाहिलाच नव्हता. माणिकरावांना पाहुण्यांच्या घरचा मृत्यू पचवता आला होता, हा पचेना. "तुमी फोन तरी करायचा," असं ते दोनदा म्हणाले. मग सुमनबाईंनी फोन घेतला.

"आन् ती बसवलेली बाई कोन?"

"नवी इन्स्पेक्टर हाय."

"बाई इन्स्पेक्टर? कशी हाय?"

या प्रश्नावर अण्णांनी तोंड उघडलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनी तोंड मिटलं.

डीपी काही लवकर बसणार नव्हती. त्यामुळे ठरलं असं की पाहुण्यांनी शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं, मुलगी बघायची आणि आमच्याकडेच मालिकाही बघायची. वैशालीने दार उघडलं आणि अण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, शुक्रवारी त्या बाईला काई बोलायचं न्हाई."

"मी कशाला बोलू? माझी पाठ आसती."

शुक्रवारी अण्णांनी दाढी केली. गणपतमामांना टोपी न काढण्याची ताकीद होती. पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे दुसऱ्यांदा घेतले. मालिका लागली. अण्णा ठरल्याप्रमाणे टीव्हीकडे पाठ करून बसले, त्यामुळे त्यांचं तोंड बरोबर माणिकरावांकडे झालं. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

पडद्यावर एका सासऱ्याचा खून झाला होता. त्याची पुतणी सांगत होती, मी सकाळभर स्वयंपाकघरातच होते. सरनाईक मॅडम घरभर फिरत होत्या, काही बोलत नव्हत्या.

"काय विचारायचं ते विचारा पोरीला," आई सुमनबाईंना हळूच म्हणाली.

सुमनबाईंची नजर पडद्यावरून हलली नाही. "वैशाली, खून कोनं केलाय गं?"

सगळे पडद्यावरून वैशालीकडे वळले. स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, नोकरी सोडणार का, या सगळ्याची उत्तरं वैशालीने तयार ठेवली होती. हा प्रश्न कोणी अपेक्षिलेला नव्हता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मदत करण्यासारखा माणूस नाही, हे तिला बुधवारीच कळलं होतं.

"पुतनीनं," ती म्हणाली. "दूध उतू जाऊन शेगडीवर वाळलंय. ही तितंच आसती तर गॅस बंद केला आसता. पुसलं तरी आसतं."

जाहिरात लागली. जाहिरात संपली. सरनाईक मॅडम शेगडीपाशी थांबल्या, वाळलेल्या दुधावरून बोट फिरवलं आणि पुतणीकडे वळून तेच म्हणाल्या.

"काय म्हन्ली? काय म्हन्ली?" अण्णांनी विचारलं. खुर्ची थोडी वळली.

"दूध उतू गेलतं," माणिकराव म्हणाले.

"हां! रणदिव्यांना हे जमलं नसतं," गणपतमामा म्हणाले आणि घाबरून अण्णांकडे बघू लागले. अण्णांची खुर्ची तोवर पूर्ण वळली होती.

सुमनबाईंनी वैशालीला जवळ बसवलं आणि भाग संपेपर्यंत सोडलं नाही. निघताना माणिकराव फाटकातून मागे वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "येतो बरं का!" ज्ञानेश्वर तेच जरा हळू म्हणाला, वैशालीकडे बघून.

लग्न उन्हाळ्यात ताडकळसलाच झालं. त्याच आठवड्यात रणदिवे परत आले. धरणाच्या खालच्या गावात कोळ्यांनी त्यांना पाण्यातून काढलं होतं.

"आता हे कशाला आले मधी?" अण्णा म्हणाले. "बाईचं चांगलं चाललं हुतं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "गोविंदा, मयत सापडलं न्हवतं ना रे?"

"नाही."

"मग तू निधन कामून लिहिलंस?"

आमच्या डेस्कवर नियम आहे: दुजोरा मिळाल्याशिवाय मृत्यूची बातमी लावायची नाही. नवीन मुलांना तो मीच शिकवतो.

फलकाचं कापड जाड होतं, म्हणून आईने ते सोयाबीन झाकायला जपून ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशी वाऱ्याने चुली पेटेनात, तेव्हा आचाऱ्यांनी तेच दुमडून आडोशाला बांधलं. जेवणाच्या पंगतींकडे कोणत्या दोन ओळी आल्या, हे त्यांनी पाहिलं नाही.

दुपारी दोन वयस्कर पाहुणे मला शोधत आले. 'गोविंद ढगे तुमीच का?' असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोडा वेळ माझ्याशेजारी बसले, आणि चहा न घेता, 'येतो' न म्हणता निघून गेले.