आत्याची आवडती नटी
मुलांनो, कोणती नटी थोर यावरून तुमची जुंपल्याचं पत्रात वाचलं, म्हणून आज हे लिहिते. आमच्या वेळी रत्नागिरीत तंबूत मूकपट यायचे. माझ्या विधवा आत्याला तिथे जायची बंदी होती. ती जेमतेम विशीची. मी पाहून यायची आणि मागल्या पडवीत कोकमासाठी रातांबे फोडताना तिला सारा खेळ सांगायची. एकदा तंबूत मला झोप लागली, म्हणून शेवट मीच रचला: नायिका स्वतःच्या हाताने होडीचा दोर कापते आणि मागे वळून बघतही नाही. ती नटी आत्याची आवडती झाली. पुढे माझी शेजारची मैत्रीण दुसऱ्या नटीची बाजू घेऊन भांडू लागली, तेव्हा आत्या रातांब्यांनी लाल झालेल्या हातांनीच उठली. “अगो, तुझी ती नुसती रडते! दोर कापायला धैर्य लागतं.” “कसला दोर? तुझी नटी तर शेवटी मुकाट घरी परतते. न बघताच काय भांडतेस गो आत्या?” मैत्रीण हसत सुटली. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून रातांबे फोडत राहिले. त्यानंतर तिने मला एकाही खेळाविषयी विचारलं नाही. आत्या गेली, त्या मूकपटाची फीतही कुठे राहिली नाही. मी रचलेला खोटा शेवट तेवढा मला अजून जसाच्या तसा आठवतो.