हे बरं, की आधीचं?

मामानं शहराबाहेर दुसरा संसार थाटलाय, ही बातमी आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जन्मली आणि जिना चढत चौथ्यापर्यंत आली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा आवाज अशा वेळी नाकातून येतो आणि वाक्याचं शेपूट त्या गिळून टाकतात. "दर रविवारी सातला निघतो. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन. आता मी काही म्हणत नाही, पण..."

काकू काही म्हणत नाहीत तेव्हाच सगळं म्हणून झालेलं असतं.

यात बाई होती, हे खरं. पण ती मामाचीच बायको, आणि ती बाहेर कुठे नव्हती, चौथ्या मजल्यावर खिडकीपाशी खुर्चीत बसलेली होती. मामीच्या दोन्ही खुब्यांनी दगा दिला त्याला तीन वर्षं झाली. इमारतीला लिफ्ट नाही, पायऱ्या शहात्तर. एकदाच चार जणांनी तिला खुर्चीसकट दवाखान्यात नेलं आणि तशीच वर आणली. तेव्हा ती म्हणाली, "मी काय कपाट आहे? आता एकदाच काय ते खाली न्या, आणि परत चढवू नका." म्हणाली हसतच, पण मामाच्या ते काळजात रुतलं. तेव्हापासून तो तळमजल्यावरचं घर शोधत होता. शहरातल्या तळमजल्यांवर दुकानंच दुकानं, म्हणून बाहेरची उपनगरं. दर रविवारी.

मामा चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. तीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, एक काच घालायची, काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" आवाज एकदम मऊ, 'आधीचं'वर जरा रेंगाळणारा, जणू त्याचा सगळा जीव आधीच्यातच अडकलाय. मी ह्याची नक्कल केली की मामी पोट धरून हसते. दिवसाला शंभरदा म्हणून म्हणून ते त्याच्या हाडीमांसी खिळलेलं. टॉवेल घेतानाही तो दुकानदाराला दोन दोनदा घडी मोडायला लावतो.

उपनगरांचंही तेच. एका रविवारी दोन घरं बघायची, संध्याकाळी मामीसमोर स्टूल ओढून बसायचं.

"पहिल्यात दाराबाहेर झाड आहे, पण रस्त्याला फूटपाथ नाही. दुसऱ्यात फूटपाथ आहे, पण समोर दगडाची खाण. हे बरं, की आधीचं?"

"झाडावर पाखरं होती?"

"दोन होती."

"मग आधीचं."

"अगं, पण फूटपाथ..."

"अहो, मी काय धावायला जाणारे?"

इतकं ठरूनही पुढच्या रविवारी स्वारी तिसरं बघायला हजर. खात्री करून घ्यायला. दोन काचांवर थांबेल तो नंबर काढणारा कसला?

इथेच त्याचं चुकलं, आणि ही चूक करावी तर त्यानंच. दुकानात आधीची काच पेटीतल्या तिच्या खाचेत असते. कधीही उचला, परत लावा. झाडाच्या घरी तो महिन्यानं परत गेला, तर खिडकीला पडदा आणि दारात कुणाच्या तरी पोराची तीनचाकी. फूटपाथवालंही गेलं. मग त्यापलीकडचं, मग त्याच्याही पलीकडचं. पहिल्या वर्षी तो अर्ध्या तासाच्या अंतरावर बघत होता. तिसऱ्या वर्षी दोन तासांवर पोचला.

शेवटच्या घराला मी त्याच्याबरोबर गेले होते. बसनं दोन तास दहा मिनिटं. एजंट दारातच उभा, बोलताना किल्ल्या वाजवणारा. "काका, आज इथे काही नाही, मान्य. पण पाच वर्षांनी बघा. इथे फ्युचर आहे, फ्युचर."

"ते राहू दे," मामा म्हणाला. "उंबरा किती उंच?"

एजंटला आजवर हे कुणी विचारलं नसावं. मामानंच खाली बसून वितीनं मोजला. अर्धी वीतही नव्हता. दार रुंद, बाहेर फरशी, फरशीवर ऊन. तो बराच वेळ तिथे उभा राहिला, जिथे खुर्ची ठेवता आली असती तिथे. दुसरं घर बघायचं नाही म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "माझ्या परीक्षेआधी मामी त्या फरशीवर बसलेली असणार."

"नाही बसणार."

"लाव पैज."

"हरलीस तर माझी नक्कल बंद. कायमची."

"आणि तू हरलास तर?"

"तर मामी फरशीवर बसलेली असेल. आणखी काय हवंय तुला?"

मग सगळा रस्ता तो बोटांवर तास मोजत होता. मोजून झाले की पुन्हा मोजायचा.

संध्याकाळी त्यानं स्टूल ओढलं. ऊन, फरशी, उंबरा, सगळं सांगितलं. मामी वाट बघत राहिली. "आणि आधीचं?"

"आधीचं नाही. हे एकच."

"तुम्हाला दुकानात दहाला पोचायचं तर निघणार कितीला?"

"साडेसातला."

"आणि घरी?"

"साडेदहा. कधी अकरा."

मामीनं खिडकीबाहेर बघितलं. "म्हणजे दिवसभर दार उघडं आणि मी एकटी. बाहेर पडून जाऊ कुणाकडे? इथे निदान शेजारीण डोकावते. ही पोरगी येते." मग म्हणाली, "आता दोन्ही सारखंच दिसतंय हो."

दुकानात गिऱ्हाईक असं म्हणालं की मामा पुढची काच लावत नाही. तपासणी तिथे संपते. नंबर लिहायचा आणि फ्रेम उतरवायची. त्यानं उठून स्टूल जागेवर ठेवलं, डब्यातली उरलेली पोळी काढली आणि डबा घासायला घेतला.

आता रविवारी तो घरीच असतो. पहिल्या मजल्यावर नवी बातमी आहे. "भांडण झालं असणार तिच्याशी. मी काही म्हणत नाही, पण..."

परीक्षा परवा संपली. काल मी गेले तेव्हा मामी खुर्चीत होती, त्याच खिडकीत. म्हणाली, "कर ना गं त्यांची नक्कल, किती दिवसांत हसले नाही."

मी मामाकडे बघितलं. तो चष्मा पुसत होता, तोंड वर न करता म्हणाला, "ती नाही करणार. पैज हरलीय ती."