एल पेउमोच्या वळणावरचा हॉर्न

सरकारचं नाव काढलं की नोल्फा काराबान्तेस आजही आधी दोन शिव्या हासडते आणि मग म्हणते, "एक माणूस सोडून." तो माणूस म्हणजे वाहतूक खात्याचा, रस्त्यांवरचा आवाज मोजणारा रोसामेल तापिया. त्याच्यासाठी ती दर रविवारी चर्चमध्ये एक मेणबत्ती लावते. पहिल्या दिवशी मात्र याच बाईनं त्याला अंगणातून हाकलून द्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

नोल्फाचं घर हमरस्त्याला चिकटून, एल पेउमोच्या वळणाच्या अलीकडे. दारातल्या काठीवर पांढरं फडकं लागलं की ट्रकवाल्यांना कळतं, राखेत भाजलेली भाकर तयार आहे. मग ते गाडी बाजूला घेऊन परसातल्या चुलीपाशी येतात, गरम भाकर फुंकत खातात आणि नोल्फाच्या तोंडचे टोमणेही निमूट पचवतात.

या सगळ्याच्या अकरा वर्षं आधी तिचा लेक आरिएल संत्र्यांचा ट्रक घेऊन घरी येत होता. उतारावर ब्रेक गेले आणि घर दोनशे पावलांवर असताना पोर या वळणावर संपलं. इकडच्या रीतीप्रमाणे तिनं त्या जागी अनिमिता बांधली. अनिमिता म्हणजे हातभर उंचीचं, पत्र्याच्या छपराचं घर. आत फोटो, मेणबत्त्या, कुणी नवस फेडायला आणून ठेवलेल्या गाड्यांच्या नंबरप्लेटा. रस्त्यात अवचित गेलेल्याचा जीव तिथंच राहतो, म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्याची विचारपूस करतो. न वाजवणाऱ्याचं टायर फुटतं असंही म्हणतात. आरिएल इतका खुनशी नव्हता, पण नोल्फानं ही अफवा कधी खोडून काढली नाही.

त्या हॉर्नवर ती जगत होती. अपघातानंतर तिनं वळणाकडे धड पाहिलंच नव्हतं. फुलं ठेवायला जायची तीही मान खाली घालून. एरवी रस्त्याकडे पाठ, चुलीकडे तोंड. हॉर्न वाजला की ती कणीक मळता मळता "ऐकलंस ना रे?" असं पुटपुटायची आणि तिचा दिवस पुढे सरकायचा.

मग समोर दवाखाना झाला आणि यास्ना नावाची नर्स आली. पोरगी गोड, पण कामाला चोख. महिनाभर तिनं सोसलं, मग रस्ता ओलांडून आली.

"मावशी, तुमच्या लेकाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला कान लावते, आणि भोंगा! म्हातारी माणसं दचकतात, त्यांचं ब्लड प्रेशर भलतंच दिसतं."

"तू परवा आलीस," नोल्फा म्हणाली. "तो अकरा वर्षांपासून आहे इथं."

यास्नानं अर्ज केला. अर्ज वर गेला, आणि वरून रोसामेल तापिया खाली आला. वाळकुडा, इस्त्रीचा शर्ट, हातात तिकाटणं आणि आवाज मोजायचं यंत्र. उद्या दिवसभर मोजणार, एवढंच त्यानं सांगितलं. नोल्फानं भाकर पुढे केली तर म्हणाला, "ड्युटीवर काही घेत नाही."

"भाकरीत लाच नसते साहेब, मीठ असतं."

"तरी नको."

तो गेल्यावर परसात बसलेल्या ढेरपोट्या विदेलाला ती फणकाऱ्यानं म्हणाली, "उद्या सरकार माझ्या आरिएलचं मोजमाप घेणार आहे म्हणे!" विदेला आरिएलचा जुना सोबती. त्यानं ट्रकमधल्या रेडिओवरून ही बातमी डोंगरापासून बंदरापर्यंत पोचवली. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ लावला: आपल्या पोराला किती मान आहे ते सरकार बघणार. मग कमी कोण पडणार?

दुसऱ्या दिवशी जो काही गदारोळ झाला, तो त्या वळणानं कधी ऐकला नव्हता. विदेला तर तीनदा मागे वळून पुन्हा आला. नोल्फाचे डोळे भरून आले. स्वच्छ एप्रन बांधून ती ताठ मानेनं रोसामेलपाशी गेली.

"किती भरला साहेब, माझ्या लेकाचा मान?"

रोसामेलनं यंत्र बंद केलं. त्याचा चेहरा पडला होता. "बाई, मी मान मोजत नाही. आवाज मोजतो. हा आकडा मी पाठवला, तर ही अनिमिता उचलून गावाबाहेरच्या कबरस्तानात नेतील."

नोल्फानं आपल्या घराकडे बोट दाखवलं. "तिकडून त्याला घर कसं सापडेल?"

रोसामेल तिथून हलला नाही. गाडीच्या टपावर नियमांची वही उघडून बराच वेळ पानं उलटत बसला, आणि मग म्हणाला, "तीस दिवसांनी फेरमोजणी करायचा मला हक्क आहे. आणि आवाजाला मर्यादा आहे बाई, उजेडाला नाही. ड्रायव्हरांना सांगा, हॉर्नऐवजी दिवे उघडझाप करा."

"दिवे मला ऐकू येतील का?" नोल्फा कडाडली.

"नाही. बघावे लागतील."

विदेलानं पुन्हा रेडिओ धरला, या वेळी नोल्फाच्या चार शिव्या खाऊन. वळण गप्प झालं. पहिले तीन दिवस नोल्फा चुलीशीच बसून राहिली. पोर दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं तिला. चौथ्या दिवशी तिनं स्टूल उचलून वळणाजवळ नेलं, चुलीकडे पाठ केली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा वळणाकडे सरळ पाहिलं.

एक टँकर आला. दिवे लागले, विझले, आणि आतल्या पोरसवदा ड्रायव्हरनं बोटांचं चुंबन घेऊन ते आरिएलकडे उडवलं. मागून विदेला आला. त्या दांडगटानं टोपी काढून छातीशी धरली होती आणि त्याचे ओठ हलत होते. एका बाईनं ट्रक चालवता चालवता छातीवर क्रूस काढला. नोल्फा ढसाढसा रडली. ही माणसं इतकी वर्षं हे करत होती, आणि तिला फक्त भोंगे ठाऊक होते.

तीस दिवसांनी रोसामेल आला, दिवसभर यंत्रापाशी बसला. संध्याकाळी त्यानं आकडा लिहिला, सही केली आणि म्हणाला, "राहील इथंच." यास्ना दवाखान्याच्या दारात उभी होती; तिनं लांबूनच हात जोडले. नोल्फानं कापडात गुंडाळलेली भाकर रोसामेलपुढे केली.

"ड्युटी संपली का?"

त्यानं घड्याळ पाहिलं. "पाच वाजून गेले," म्हणत त्यानं भाकर घेतली, गाडीत ठेवली आणि निघाला.

वळणावर गाडी हळू झाली, थांबलीच. दारावर खात्याचा शिक्का असलेली ती गाडी. तिचे दिवे दोनदा लागले, दोनदा विझले.

नोल्फानं काठीवरचं पांढरं फडकं ओढून काढलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिली. मग वळणाकडे सरळ बघत ती म्हणाली, "बघितलंस ना रे?"