छपरावरचा कौल

आसिमिनाने उभी हयात डेल्फीत पाहुण्यांना देऊळ दाखवण्यात घालवली. पिथिया, म्हणजे देवाचा कौल सांगणारी पुजारीण, कुठे बसायची, राजे कौल घ्यायला कुठून यायचे, हे सांगता सांगता तिचा आवाज कायमचा बसला. पेरियाल्ला नावाच्या पिथियाची गोष्ट ती कधी वगळत नसे. एका राजाच्या सांगण्यावरून तिने खोटा कौल दिला, एका निरपराध माणसाचं राज्य गेलं, आणि बिंग फुटल्यावर तिला देवळातून हाकललं.

नोकरी संपली तशी आसिमिना डोंगरउतारावरच्या ख्रिसो गावात, आपल्या घरी येऊन राहिली. नवरा केव्हाच गेला होता. खालच्या खोऱ्यात थोरल्या भावाची, सेराफिमची, ऑलिव्हची झाडं होती.

त्या वर्षी गावाच्या सोसायटीने कडाक्याच्या थंडीसाठी नव्या तऱ्हेचा विमा घेतला. करार ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून कुणालाच खाडाखोड करता न येणाऱ्या संगणकी वहीत होता. पारा ठरल्या खुणेखाली गेला की भरपाई आपोआप, मधे कारकून नाही की साहेब नाही. समजावून सांगायला मिर्तो नावाची मुलगी अथेन्सहून आली होती.

"पण कराराला डोळे नाहीत, मावशी," ती म्हणाली. "बाहेर थंडी पडली की नाही, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. सांगणाऱ्याला आम्ही ओरॅकल म्हणतो."

"म्हणजे आमची पिथियाच की!"

"हो, पण एक नाही, तीन. इतेआच्या बंदरावर एक यंत्र, अम्फिसात एक आणि एक तुमच्या छपरावर. दोघांचं जुळलं तरच खरं. एकाला फितवून भागत नाही."

आसिमिनाला ते पटलं. यंत्र छपरावर चढलं आणि गावाने तिचं नाव पिथिया ठेवलं.

माघात उत्तरेचा वारा सुटला, मग अचानक पडला. थंड हवा खोऱ्यात उतरून तिथेच साचली. सकाळी सेराफिमची झाडं करपलेली होती, फांद्यांच्या साली तडकल्या होत्या. अम्फिसाच्या यंत्राने थंडी कळवली. बंदरावर समुद्राची ऊब, तिथलं यंत्र नाही म्हणालं. आसिमिनाचं छप्पर उंचावर, तिथेही पारा खुणेच्या वरच राहिला.

संध्याकाळी सेराफिम मासळीबाजारातून बर्फाची पिशवी आणि मीठ घेऊन आला.

"विम्यात आजची रात्रही धरली जाते. हा बर्फ यंत्रावर ठेव, तासाभराचं काम आहे."

"नाही ठेवणार."

"अगं, मी खोटं सांगतोय का? जा, झाडं बघून ये!"

"बघितली. सकाळी तिथेच रडून आले. पण छपरावर तेवढी थंडी पडली नाही, सेराफिम. न पडलेली मी कशी सांगू?"

"बापाने लावलेली झाडं मेली आणि तू देवळातली गोष्ट धरून बसलीस!" पिशवी अंगणात आपटून तो निघून गेला.

विमा मिळाला नाही. सेराफिमने झाडं बुंध्यापर्यंत छाटली. करवतीचा आवाज वर तिच्या घरापर्यंत यायचा. कॅफेनिओत, गावच्या कॉफीच्या दुकानात, ती शिरली की माणसं गप्प व्हायची. ईस्टरला भावाकडून बोलावणं आलं नाही. रिवाजाप्रमाणे तिने एकटीने अंडी लाल रंगवली, पण टकरवून फोडायला सोबत कुणी नव्हतं, म्हणून तशीच राहू दिली.

सोसायटीच्या पुढच्या सभेला मिर्तोही आली होती. तिथे आसिमिना उठली. बसक्या आवाजात म्हणाली, "मी खोटं बोलले नाही. पण माझं खरं माझ्या छपरापुरतं होतं. झाडं खाली आणि तुम्ही कौल वर लावलात. जुन्या काळी पिथियाचा कौल चुकला, तर लोक निदान तिच्या दारात येऊन भांडत. आम्ही कुणाशी भांडायचं?"

मिर्तोचा चेहरा उतरला. "झालेला करार मला बदलता येत नाही, मावशी. जागा निवडताना मी खोऱ्यात उतरलेच नाही. चूक माझी आहे. पुढच्या करारात यंत्रं झाडांत लावू."

कुणी टाळी वाजवली नाही. सेराफिम मागच्या बाकावर हातातली टोपी चुरगाळत बसला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बुंध्यांना फुटवे आले. मिर्तो नव्या जागा बघायला खोऱ्यात आली, त्या सकाळी सेराफिम आसिमिनाच्या अंगणात येऊन उभा राहिला. पायरी चढला नाही.

"त्या पोरीला सांग, थंडी नेमकी कुठे साचते ते मी दाखवतो."

"तूच सांग ना तिला."

"मला ती यंत्रांची भाषा येत नाही. चल सोबत."

आसिमिनाने डोक्याला रुमाल बांधला आणि दार ओढून घेतलं. उतारावर त्याने तिचा हात धरला नाही, पण पावलं मात्र हळू टाकली.