शेवटच्या खुर्चीतलं वाचन

पगारपत्रकावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण मुलांच्या तोंडी त्या सावकाशबाई. कुणी वाचताना अडखळलं की त्या म्हणायच्या, "सावकाश." कुणी रडायला लागलं तरी "सावकाश", डबा खाताना ठसका लागला तरी तेच. एकदा एक मुलगा जिन्यावरून गडगडत खाली आला आणि उठता उठता म्हणाला, "बाई, सावकाश पडलो." त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीतही हेच नाव रूढ झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी शाळा रिकामी व्हायची आणि तळमजल्यावरची एक खोली तेवढी उघडी राहायची. बाक भिंतीशी सरकवून बाई मधे खुर्च्यांचा अर्धा गोल मांडायच्या. बाहेर व्हरांड्यात रंगारी भिंती खरवडत असत आणि रंगाचा उग्र वास दारातून आत यायचा. इथे येणाऱ्या मुलांना एकेकटं अक्षर ओळखू यायचं, पण तीच अक्षरं ओळीत उभी राहिली की अनोळखी व्हायची. तोंडी गणित घाला, गोष्ट सांगायला लावा, कुणाला ऐकायची नाहीत. पुस्तक उघडलं की घोडं पेंड खायचं. घरचे म्हणत आळशी, वर्गातले शिक्षक म्हणत मठ्ठ. बाईंना सगळ्यात वाईट याचं वाटायचं की मुलांना ते दोन्ही पटलेलं असायचं.

बाईंच्या हाताशी फार काही नव्हतं. एक वाळूचं ताट, त्यात बोटानं शब्द गिरवायचा. जाड पुठ्ठ्याची पट्टी, तिला एका ओळीपुरती खिडकी कापलेली, म्हणजे बाकीच्या ओळी डोळ्यांवर धावून येत नाहीत. आणि रोज शेवटी फेरीनं वाचन: एकच उतारा, अर्ध्या गोलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकानं वाचायचा.

त्या सुट्टीत एक आई आपल्या दोन मुलींना घेऊन आली. ती लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. मनगटावर जुने-नवे चटके होते. थोरलीला तिनं पुढे ढकललं.

"बाई, ही एकदा राहिली आहे. यंदा पुन्हा राहिली तर धाकटीच्या वर्गात बसेल. दोघी बहिणी एका वर्गात. मग मी हिला कुठल्या तोंडानं शाळेत जा म्हणू?"

"हिला त्रास कशाचा होतो?" बाईंनी विचारलं.

"त्रास हिला कसला? त्रास मला!" आई हसायला गेली, पण ते हसू काही जमलं नाही.

तेवढ्यात धाकटीनं दारावरची पाटी मोठ्यानं वाचली, "दार हळू लावा." कुणी सांगितलं नव्हतं, विचारलंही नव्हतं. तिला येत होतं म्हणून वाचलं, इतकंच. थोरली मात्र पायाच्या अंगठ्यानं फरशीवरचा रंगाचा ठिपका खरवडत राहिली.

"करून घेऊ आपण," बाई म्हणाल्या. असं बोलायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी तोंडातून गेलं.

पहिल्याच दिवशी वाचनाची फेरी थोरलीपर्यंत आली आणि ती कोपऱ्यात जाऊन ओकली. बाईंनी तिचं तोंड धुतलं, फरशी पुसली आणि तिला टोकाची खुर्ची दिली. "तू सगळ्यांच्या नंतर वाच. मनात आलं तर. नाही आलं तर नको." मुलांनी लगेच तिचं नाव 'शेपूट' ठेवलं. बाईंनी डोळे वटारले, तेव्हा ते कुजबुजीत गेलं.

पण टोकाची खुर्ची तिला मानवली. आधी ती नुसती बसायची. मग एक ओळ वाचू लागली, मग दोन. मग एके दिवशी खिडकीची पट्टी सरकवत, शब्दाखाली बोट ठेवत, तिनं अख्खा उतारा वाचला. आवाज खाली होता, पण कुठे अडला नाही. बाकीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई उगाच खडू शोधायला वळल्या.

संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा बाईंनी तिला दारातच सांगितलं, "वाचते तुमची मुलगी."

"कोण, ही?" आईनं चटक्यांचा हात तोंडावर धरला. "बाई, माझी थट्टा नका करू."

"थट्टा कशाला? उद्या या, ऐका."

आई दुसऱ्या दिवशी काम सोडून आली, दाराशी उभी राहून तिनं ऐकलं आणि जाताना रंगाऱ्यालासुद्धा सांगून गेली, "माझी मुलगी आहे ती, शेवटी वाचणारी."

सुट्टीच्या अखेरीस मुख्याध्यापिका प्रत्येक मुलाला समोर बसवून एक उतारा वाचून घ्यायच्या. जमलं तर मूल पुढच्या वर्गात. नाही जमलं तर मागच्याच वर्गात, पण वर्षभर रोज एक तास सावकाशबाईंच्या खोलीत आधारवर्ग. पुढे गेलेल्याला तो तास मिळत नसे. त्याला आता गरज नाही असं धरलं जाई. उतारा बाईंनीच निवडायचा. मुख्याध्यापिकांना इतर कामं पुष्कळ असत आणि बाईंवर त्यांचा भरवसा होता.

परीक्षा जवळ आली आणि एका दुपारी कार्यालयातलं कॉपीचं यंत्र रुसलं. छपाईची भुकटी संपत आली होती. पहिल्या प्रती ठळक निघाल्या, पुढच्या करड्या, आणि शेवटची वरून अर्धीच उमटली. खाली पांढरा कागद. बाईंनी न बघता गठ्ठा फिरवायला दिला. शेवटची प्रत शेवटच्या खुर्चीत पोचली.

फेरी सुरू झाली. उतारा हरवलेल्या शेळीचा होता. एकेक मूल अडखळत, घाम पुसत शेवटाला पोचत होतं. थोरलीची पाळी आली. तिनं पट्टी ठेवली, बोट ठेवलं आणि वाचू लागली. बाई सवयीनं तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. शेळी टेकडीवर गेली, तिला कुंपण आडवं आलं. बोट ओळीमागून ओळ खाली सरकत होतं. मग छापलेलं संपलं आणि बोट पांढऱ्या कागदावर उतरलं, तरी आवाज थांबला नाही. पट्टीच्या खिडकीत काहीच नव्हतं. शेळी कुंपणाखालून निघाली, घरी आली, दाराशी ओरडली. एक शब्द चुकला नाही.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. 

बाईंनी बाकीच्यांना लवकर सोडलं आणि थोरलीला थांबवून घेतलं. पिशवीतून एक नवा उतारा काढला, बदकाचा, जो अजून कुणी पाहिला नव्हता, आणि तिच्यापुढे ठेवला. "हा वाच बरं, बाळा."

थोरलीनं कागदाकडे पाहिलं. मग रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"बाई, आधी कोण वाचणार?"

त्या प्रश्नात लबाडी नव्हती. तिनं खरंच विचारलं होतं. वाचणं म्हणजे हेच, असं तिला वाटत होतं की काय, कोण जाणे. इतरांचं ऐकायचं, डोक्यात साठवायचं आणि आपली पाळी आली की बोटाच्या वेगानं सोडायचं. तिचं डोकं इतकं तल्लख होतं की एका फेरीत सगळा उतारा आत जायचा. ती भीतीनं ओकली म्हणून बाईंनी मायेनं दिलेल्या त्या खुर्चीनंच सगळा घोटाळा केला होता. इतकी वर्षं हेच काम केलेल्या बाईंना हे दिसायला हवं होतं. पण दिसू नये असंच त्यांना वाटत असावं.

"मी चोरी नाही केली," थोरली म्हणाली. "तुम्ही छान म्हणालात."

"नाही ग, चोरी कसली! चूक माझी आहे." बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी ताठ होती.

आईला सांगणं भाग होतं. बाईंनी व्हरांड्यात, रंगाच्या डब्यांशेजारी, तिला सगळं सांगितलं. आईचा चेहरा उतरला नाही, बंद झाला.

"तुम्हीच म्हणालात वाचते."

"हो. मी चुकले."

"मग तो शेळीचाच कागद द्या ना परीक्षेला. तो तर तिला येतो! कुणाचं काय जातं, बाई?"

"पुढच्या वर्गात गेली तर माझा तास मिळणार नाही तिला. तिच्या आधी वाचून दाखवायला तिथे कोण बसणार?"

"पुढचं पुढे बघू. धाकटीच्या बाकावर तरी नको बसवू माझ्या पोरीला." ती पहिल्यांदाच 'तू'वर आली आणि तिचं तिला कळलंही नाही.

घरी आल्यावर बाईंनी ते दादाला सांगितलं. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. लग्न दोघांचंही झालं नव्हतं. खालच्या गाळ्यात तो सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवून द्यायचा, वर दोघं राहायची. बारीक खिळे तोंडात धरून बोलायची त्याची सवय होती. गिऱ्हाइकांना निम्मं कळायचं नाही आणि भांडणं निम्मी वाचायची.

दादाही एकदा असाच मागे राहिला होता आणि बहिणीच्या वर्गात येऊन बसला होता. वर्ष संपायच्या आत त्यानं शाळा सोडली. बाई या कामात आल्या त्या त्याच्यामुळे, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघं त्याबद्दल कधी बोलत नसत.

सगळं ऐकून दादानं तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले. आता तो स्पष्ट बोलणार होता.

"शेळीचा कागद दे."

"दादा, त्यानं ती वाचायला शिकणार नाही."

"न शिको. मी नाही शिकलो, मेलो का?" तो हातातले खिळे हलवत राहिला. "मास्तर मला विचारायचे आणि मी उठेपर्यंत तू सांगून टाकायचीस."

"तुला मार बसू नये म्हणून सांगायचे मी."

"माहीत आहे. तू वाईट नव्हतीस. म्हणून तर तुझ्यावर रागावताही येईना." त्यानं खिळे पुन्हा तोंडात घातले. 

परीक्षेच्या सकाळी बाईंच्या पिशवीत दोन्ही कागद होते. थोरली धुतलेला, कडक इस्त्रीचा फ्रॉक घालून आली होती. इस्त्रीच्या घड्या इतक्या धारदार होत्या की आईनं त्यावर किती जोर लावला असेल ते दिसत होतं. आत मुख्याध्यापिकांनी चष्मा वर केला आणि हात पुढे केला. "द्या बाई उतारा. ही ती ना, छान वाचते म्हणत होतात ती?"

बाईंचा हात पिशवीत गेला. शेळी वर होती, बदक खाली. थोरली त्यांच्याकडेच बघत होती. बाईंनी खालचा कागद काढला.

थोरलीनं कागद पाहिला आणि तिला कळलं. ती रडली नाही, ओकलीही नाही. तिनं पट्टी ठेवली आणि पहिल्या शब्दाखाली बोट टेकवलं. बाहेर रंगाऱ्याचा ब्रश खालून वर, वरून खाली जात होता. बराच वेळ नुसता तोच आवाज होता.

"त... तळ... तळ्या... तळ्याच्या." मग पुन्हा ब्रश. "का... काठी." आणि खूप वेळानं, "एक."

तिथे ती थांबली. बोट 'बदक'पाशी पोचलं होतं, पण आवाज संपला होता.

"असू दे, बाळा," मुख्याध्यापिका मऊपणानं म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर खूण केली. त्यांना दिसलं ते एवढंच, की मुलीला तीन शब्दही धड आले नाहीत. हे तीन शब्द तिला कुणीही आधी ऐकवले नव्हते, ते बाईंना ठाऊक होतं. पण ते सांगून खूण पुसली जाणार नव्हती.

आई बाहेर उभी होती.  तिनं मुलीचा हात धरला आणि ओल्या भिंतीला फ्रॉक लागू नये म्हणून तिला आपल्या अंगाशी ओढून घेऊन गेली. दादानं रात्रीच्या जेवणाला विचारलं, "कुठला दिलास?" बाईंनी सांगितलं. त्यानं पुढे बरेच दिवस बाईंशी बोलायला खिळे तोंडातून काढले नाहीत.

शाळा सुरू झाली. थोरली धाकटीच्या वर्गात बसू लागली. आई आता शाळेकडे फिरकत नसे. आधारवर्ग संपला की बहिणीला घरी न्यायचं काम धाकटीकडे होतं. थोरली खोलीत यायची, टोकाच्या खुर्चीत बसायची आणि सांगितलं तेवढंच करायची. बाई आता फेरी तिच्या टोकाकडून सुरू करत. बहुतेक वेळा थोरली एक शब्दही न वाचता कागद पुढे सरकवी.

एका दुपारी बाकीची मुलं गेली, तरी थोरली फळ्यासमोर उभी होती. फळ्यावर शब्द होता 'होडीवाला'. तिनं 'होडी'पर्यंत वाचलं होतं आणि पुढच्या अक्षरावर बोट टेकवून ती ओठ हलवत होती. बाई श्वास धरून उभ्या होत्या. तेवढ्यात दारात धाकटी आली.

"होडीवाला!" ती म्हणाली. "ताई, होडीवाला आहे ते. चल ना, उशीर झाला."

तिच्या आवाजात फक्त मदत होती. बाईंना तो आवाज ओळखीचा वाटला. तो आवाज त्यांनी लहानपणी स्वतःच्याच तोंडून ऐकला होता.

थोरलीचं बोट फळ्यावरून खाली आलं. तिनं दप्तर उचललं आणि बहिणीच्या मागून निघून गेली. बाई बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. डस्टर हातात होतं, पण तो शब्द पुसवेना आणि ठेववेनाही. ती आता येणार नाही, असंच त्यांनी मनाशी धरून टाकलं. त्या वर्षी दादाही याच सुमाराला शाळेत यायचा बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी थोरली आली. इतर मुलांच्या आधी, धावत आल्यासारखी. फळ्यावर 'होडीवाला' तसाच होता. तिनं डस्टर घेऊन तो स्वतः पुसला.

"दुसरा लिहा," ती म्हणाली. "कुणाला न येणारा."

बाईंनी खडू उचलला. थोरली मात्र खुर्चीकडे गेली नाही, आधी दाराकडे गेली. व्हरांडा दोन्ही बाजूंना नीट पाहून तिनं दार लावून घेतलं. हळू नाही, चांगलं जोरात.