मावशीचा सोमवार आणि तोरणमाळचा घाट

खोटं कशाला सांगू, प्लॅन करून फिरणं मला जमत नाही. वळण दिसलं की माझी गाडी वळते. पण या वेळी शेजारी मावशी होती. सासर रनाळ्याचं, माहेर म्हसावदचं. लहानपणापासून अंगणातून सातपुडा बघितलेला, पण वर तोरणमाळला पोचली कधीच नाही. दोनदा निघाली, दोन्हीदा उलट्या होऊन घाटातून परतली. आता म्हणाली, "यंदा परत फिरनू ते पुन्हा नाव काढाव नही."

म्हणून मोबाईलवर एआयला विचारलं. वाटलं, ठिकाणांची यादी टाकेल. त्यानं आधी मावशीचीच चौकशी केली. कुठल्या सीटवर होत्या? त्रास कधी सुरू झाला? त्याआधी काय खाल्लं? मी वाचून दाखवत होतो, मावशी आठवत होती. दोन्ही वेळा मागची सीट. दोन्ही वेळा म्हसावदला तिच्या भावजयीकडे, म्हणजे माझ्या मामीकडे, खापरावरच्या पुरणपोळ्या, वर तूप, आणि आग्रहाची चौथी. की लगेच घाट! इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

प्लॅन आला: पुढची सीट, हलकं खाणं, घाटात थांबे, जेवण वर पोचल्यावर. मी लिहिलं, बाबा रे, माहेरावरून न जेवता जाता येत नाही आमच्यात. तर विचारतो, मावशी कुठल्या दिवशी एरवीच कमी खातात? सोमवारी, उपास! वाटेत तापीकाठच्या प्रकाशा गावी महादेवाचं दर्शनही होणार. मी तर खूश झालो.

प्रकाशाला दर्शन झालं आणि मी तापीच्या काठी एका नावाड्याशी गप्पा मारत बसलो. तास गेला. तसं कळवलं, तर एआयनं मी हौसेनं घातलेला वरचा एक बघायचा पॉइंट उडवला, मावशीचा एकही थांबा नाही. लागलं थोडं, पण बरोबर होतं. वर त्याच्या सूचना: शहाद्याला पेट्रोल भरा, केळी घ्या, आणि घाटात रेंज जाईल म्हणून प्लॅन कागदावर उतरवा. पुढे घाटात आमची रेंज खरंच गेली.

म्हसावदला मामीनं साबुदाण्याचे वडे तळून ठेवलेले. उपासाला चालतात की! हे मी एआयला सांगितलंच नव्हतं. मावशीनं एक केळं खाल्लं, वड्यांना हात लावला नाही. मामीचा चेहरा उतरला. "मन्हा हातनं कडू लागस का?"

"डबा भरी दे," मावशी म्हणाली. "वर जाईसन खासू."

तिसऱ्या थांब्याला मावशीनं तोंडाला पदर लावला. मागच्या वेळी ती इथूनच परतली होती. वारं खात ती दहा मिनिटं दगडावर बसली, मग स्वतःच गाडीत बसली. "चाल."

वर तोरणमाळला पोचलो आणि यशवंत तलावाच्या काठी डबा उघडला. गार वडे चामट झालेले, तरी चार खाल्ले तिनं. उतरताना एका वळणावर गाडी थांबवायला लावली आणि खालच्या धुरकट शेतांत म्हसावद शोधत उभी राहिली. सापडलं नाही, तरी हलेना.

रनाळ्याला घरी पोचतो तर मामीचा फोन. आधी वड्यांची चौकशी, मग हळूच, वर कसं शे? तेव्हा कळलं, मामीही कधी गेली नाही. सगळे तिच्याकडे जेवून वर जातात, ती चुलीपाशी राहते.

मावशीनं फोन माझ्या हातात दिला.

"पहिले हिले इचार," म्हणाली, "काय खास, कोठे बसस, काय व्हस. मंग त्या मोबाईलले सांग."