बागवान बाईंचा तास

शाळेत नवीन आलेल्या माणसाकडे बागवान बाई पहिल्याच दिवशी मोबाइल मागत. माझ्याकडेही मागितला. मी नाशिककडची, लग्न होऊन कोल्हापुरात आलेली, आणि उचगावच्या त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू होऊन जेमतेम दोन तास झाले होते. शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात एक ठेंगण्या, जाड चष्म्याच्या बाई कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मॅडम, जरा मोबाईल बघू तुमचा."

त्यांना फोन करायचा असेल, असं मला वाटलं. मी लॉक उघडून दिला. बाईंनी तो घेतला, शिवणाच्या पिशवीत टाकला आणि पुन्हा काजाकडे वळल्या. पाच मिनिटं गेली. मी चुळबुळ करायला लागले. शेवटी म्हटलं, "बाई, माझा फोन..."

"मी कोण हाय?"

"इथल्या शिक्षिका."

"नाव?"

नाव मला माहीत नव्हतं. त्यांनी पिशवीतून फोन काढून माझ्या हातात ठेवला. "नाव म्हाईत न्हाय, आणि आख्खं घर उघडून दिलंस की माझ्या हातात. बस, च्या घे." तेव्हापासून त्या मला अगंतुगं करायला लागल्या, ते कायमचं.

शमशाद बागवान हे त्यांचं पूर्ण नाव. माहेर पेठ वडगावचं, सासर कोल्हापुरातलं. शाळेत त्या कार्यानुभव हा विषय शिकवत, म्हणजे टाके, काजं-बटणं आणि उशीचे अभ्रे. मुलगा असो की मुलगी, त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला स्वतःचं बटण लावता येई. बोलणं अस्सल कोल्हापुरी. इथल्या बायकांसारखं स्वतःबद्दलही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. मला सुरुवातीला दचकायला व्हायचं, नंतर मीच घरी फोनवर तसं बोलायला लागले आणि आईनं विचारलं, "तुला झालंय काय?"

त्या वर्षी आमचे संगणकाचे सर मध्येच दुसरी नोकरी लागून निघून गेले आणि नेमका तेव्हाच वरून आदेश आला की मुलांसाठी इंटरनेटवरच्या सुरक्षिततेचा तास घ्यायचा. मुख्याध्यापक पाटील सरांनी वेळापत्रक पाहिलं आणि बाईंना बोलावलं. "बाई, कार्यानुभवात काहीही बसतं."

"बसवलं तर बसतंय की, सर. हत्तीला पण झबलं बसतंय, कापड तेवढं द्या," बाई म्हणाल्या आणि तो तास स्वतःकडे घेऊन बाहेर आल्या.

त्यांना स्वतःला तेव्हा मोबाइलवर एका बोटानं टाइप करता येत होतं, तेही चष्मा कपाळावर सरकवून. पण त्यांनी ते लपवलं नाही. नववीच्या वर्गात जाऊन सरळ सांगितलं, "पहिला महिना तुम्ही मला शिकवायचं. दुसऱ्या महिन्यापास्नं मी तुमास्नी." वर्ग हरखला. कोणता गेम खेळतात, त्यात अनोळखी माणसाशी गप्पा कुठे उघडतात, आईला न कळता दुसरं खातं कसं काढायचं, चॅट लपवायचं कसं, सगळं मुलांनी अभिमानानं दाखवलं. बाई झबल्यांची मापं लिहायच्या जुन्या वहीत सगळं टिपून घेत होत्या. महिना संपला तेव्हा नववीबद्दल त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं एकाही पालकाला नव्हतं.

मग राजवीर अवतरला. शिंप्याच्या दुकानातल्या सुटाच्या जाहिरातीतला एक देखणा तरुण बाईंनी कापून घेतला, त्याचा फोटो काढला आणि 'राजवीर, तरुण उद्योजक' असं खातं उघडलं. उघडण्याआधी पाटील सरांची लेखी परवानगी घेतली. सरांनी ती इतर पंचवीस कागदांबरोबर न वाचता सही करून दिली. चार दिवसांत निम्मी नववी राजवीरची मैत्रीण किंवा मित्र झाली. राजवीर कुणाशी वेडंवाकडं बोलला नाही. फक्त क्लास किती वाजता सुटतो, घरी कोण असतं, असं सहज विचारायचा, आणि मुलं सहज सांगायची.

पाचव्या दिवशी बाईंनी वर्गात घडी घातलेल्या चिठ्ठ्या वाटल्या. ज्याची त्याला. मोठ्यानं एकही वाचली नाही. चिठ्ठीत एवढंच, की अमक्या वेळेला तू एकटी असतेस, तमक्या रस्त्यानं येतेस, हे राजवीरला माहीत आहे आणि राजवीर म्हणजे मी. मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या आणि पटापट मुठीत चुरगाळल्या. एक चिठ्ठी शिक्षकखोलीत मलाही मिळाली. 'तुझा नवरा बुधवारी फिरतीवर असतो.' दर बुधवारी मी एकटीच्या जेवणाच्या ताटाचा फोटो टाकत होते.

सगळ्यात मोठी चिठ्ठी पाटील सरांची होती. त्यांनी आपण होऊन राजवीरशी ओळख काढली होती आणि 'उद्योजक' वाचून शाळेला पाण्याचा कूलर द्याल का, असं विचारलं होतं. पाठोपाठ शाळेचा पत्ता, स्वतःचा जन्मदिनांक आणि कुटुंबाचा फोटो. सर दोन दिवस बाईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सगळ्या शिक्षकांना तासाला बसायला सांगितलं.

तो तास बघण्यासारखा असे. बाईंच्या हातात कात्री असायची. "अनोळखी माणूस आला तर आपण त्याला दारात उभं करून बोलतो का न्हाय? मग मोबाईलमधनं एकदम सैपाकघरात कशाला घेताय त्याला?" मुलं हसत. "आणि घाई कुणाला हाय ते बघा. लगेच पाठव, आत्ता सांग, कुणाला बोलू नको, असं जो म्हणतोय त्योच चोर. खऱ्या माणसाला दम असतोय." मग कापडाचा तुकडा उचलून एका फटक्यात दोन भाग करायच्या. "फोटो पाठवला म्हंजे हे झालं. शिवण उसवता येती. कात्री मारल्यावर काय करणार?"

हे वाक्य त्यांचं आवडतं होतं. मुलांनाही पाठ झालं होतं. ह्याच वाक्यानं पुढे घोटाळा केला.

नववीत एक मुलगी होती. तिला मी सानिका म्हणते, हे तिचं खरं नाव नाही. वर्गात सगळ्यात सरळ टाका तिचा. दिवाळीनंतर तिचा टाका वाकडा पडायला लागला. बाकीच्या शिक्षकांना काही कळलं नाही, कारण ती पहिल्यासारखीच गप्प आणि शहाणी होती. बाईंनी मात्र तिचा अभ्रा उलटासुलटा करून पाहिला आणि मला म्हणाल्या, "हिचा टाका असा कधी पडत न्हाय गं. काय तर झालंय."

त्यांनी तिला शिवणयंत्राला तेल घालायला म्हणून थांबवून घेतलं आणि मलाही बसवलं. तेल घालून झालं, यंत्र पुसून झालं, तरी बाईंनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "सांगायचं असंल तर सांग. मी रागवणार न्हाय, आणि ही मॅडम पण." मग सानिका रडायला लागली. गेममध्ये ओळख झालेल्या कुणाला तरी तिनं आपला साधा फोटो पाठवला होता. त्यानं त्यात काहीबाही फेरफार करून परत पाठवला आणि आता तो आणखी फोटो मागत होता, नाहीतर हा तुझ्या घरच्यांना पाठवतो म्हणत होता. दीड महिना हे चाललं होतं.

"दीड महिना," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याकडं का आली न्हाईस, बाळा?"

"तुम्हीच म्हणालात की," सानिका हुंदके देत म्हणाली, "कात्री मारल्यावर काय करणार."

बाईंनी तेलाचा फडका खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. "माझं चुकलं. तुझं न्हाय. आता आपण दोघी मिळून बघू."

मग त्यांनी जे केलं ते त्या मापांच्या वहीत आधीच क्रमानं लिहिलेलं होतं. त्या माणसाला एकही उत्तर द्यायचं नाही. काहीही पुसून टाकायचं नाही, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवायचे. मग त्याला ब्लॉक करायचं. आणि त्याच दिवशी घरी सांगायचं. संध्याकाळी आम्ही तिघी सानिकाच्या घरी गेलो. तिच्या आईनं सगळं ऐकलं, उठली आणि मोबाइल फोडायला पाटा-वरवंट्याकडे निघाली.

"वहिनी, बसा," बाई म्हणाल्या. "मोबाईल फोडला तर आजच्यापुरतं बरं वाटंल तुमास्नी. पण पुढच्या बारीला ही सांगायला येणार न्हाय. आणि त्यातच सगळा पुरावा हाय." आई तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि लेकीला जवळ घेतलं. तेव्हा कुठे आम्ही चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलावरच्या हवालदारांनी सवयीनं विचारलं, "पण हिनं फोटो पाठवलाच का?"

"साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "घरात चोरी झाल्यावर घराला दार का ठेवलं, असं विचारता काय?"

हवालदार ओशाळले. आतून एक महिला अधिकारी आल्या, त्यांनी सानिकाला शेजारी बसवून घेतलं आणि सगळं नीट लिहून घेतलं. फोटो कुठेही गेला नाही. काही महिन्यांनी तो माणूस सापडला. सानिकाशी सोळा वर्षांचा होऊन बोलणारा तो लांबच्या जिल्ह्यातला, दोन मुलांचा बाप होता. सानिकाला बाईंनी एवढंच सांगितलं की झालं, सुटलं. तिनं त्या आठवड्यात एक अभ्रा पुरा केला.

पण मला बाई आठवतात त्या पुढच्या तासासाठी. सानिकाचं नावही न घेता त्या वर्गासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुमास्नी एक चुकीचं शिकवलो." आमच्या शाळेत शिक्षकानं असं म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनी फाटलेली एक शाल टेबलावर पसरली आणि मुलांना जवळ बोलावून तिला रफू करायला लागल्या. "कात्री बसली म्हणून कापड टाकून देत न्हाईत. जोड देता येतोय. वेळ लागतोय, बारीक सुई लागती आणि दुसऱ्याचं डोळं लागत्यात, एकट्याला दिसत न्हाय. कायबी झालं, किती बी मूर्खपणा केला असला, तरी या. मी आधी ऐकणार, मग रफू करणार. रागवायचं मी विसरूनच जातो शेवटी." मुलं हसली. त्या हसण्यात सानिकाही होती.

गेल्या मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात पाटील सरांनी त्यांना शाल दिली आणि भाषणात राजवीरची गोष्ट स्वतःच सांगून टाकली. बाई आता पेठ वडगावला भावाकडे जातात तेव्हा तिथल्या आया जमवून त्यांच्याशी बोलतात, असं ऐकते. शाळेतून निघताना मला म्हणाल्या होत्या, "ॲप रोज बदलणार गं. सगळं आपल्याला कळणार न्हाय. नववीला विचारायचं."

त्यांचा तास आता माझ्याकडे आला आहे. पहिल्या दिवशी मी भरपूर तयारी करून गेले. फळ्यावर मुद्दे लिहिले, दोन बनावट खात्यांची उदाहरणं दिली, मुलांनी मुकाट वहीत उतरवून घेतलं. कुणी काही विचारलं नाही. तास संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा मी खडू ठेवला आणि त्यांना एक गोष्ट सांगितली. वीज कापणार म्हणून एकाचा फोन आला होता, आणि मी, एक शिकलेली शिक्षिका, त्याला फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवायला लागले होते. चार आकडे वाचून झाले आणि पाचव्याला सासूबाईंनी हातातून फोन ओढून घेतला.

वर्ग खळखळून हसला. घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून गलका करत बाहेर गेली. शेवटच्या बाकावरच्या दोन मुली मात्र तशाच बसून राहिल्या, दप्तरं मांडीवर घेऊन, एकमेकींना कोपरानं ढोसत, तू सांग, तू सांग. मी जाऊन त्यांच्या समोरच्या बाकावर बसले.